हिरव्यातून अतिनील: ५३२ चं २६६ करताना गळती कुठे शोधायची

"यूव्ही कमी येतोय, नवा क्रिस्टल मागवू का?" हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारतं. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कॅव्हिटीतला, म्हणजे प्रकाश फिरवत ठेवणाऱ्या आरशांच्या रचनेतला, तोटा मोजलास का? समोरची व्यक्ती गप्प होते. मोजलेला नसतो. मीही पहिल्या वर्षी मोजला नव्हता आणि एक चांगला क्रिस्टल उगाच बदलला होता, म्हणून हा सगळा खटाटोप लिहून ठेवते आहे.

मी सांगते आहे ते सतत चालणाऱ्या, एकाच वारंवारतेच्या लेसरबद्दल: ५३२ नॅनोमीटरचा एक वॉटच्या आसपासचा हिरवा प्रकाश घ्यायचा आणि क्रिस्टलमधून नेऊन त्याची वारंवारता दुप्पट करून २६६ नॅनोमीटरचा अतिनील मिळवायचा. आकडे बदलले तरी पद्धत तीच राहते. मॅग्नेशियमच्या आयनांसाठी ५६० चं २८० करा, नाहीतर हायड्रोजनसाठी ४८६ चं २४३. तुमच्याकडे नॅनोसेकंदांच्या स्पंदांचा लेसर असेल तर मात्र तुम्ही सुखी आहात. दहा मिलिज्यूल ऊर्जा दहा नॅनोसेकंदांत आली की क्षणिक शक्ती एक मेगावॉट होते, आणि क्रिस्टलमधून एकदाच गेलेल्या बीमचा मोठा हिस्सा रूपांतरित होतो. तुम्हाला कॅव्हिटी नको, तिची लांबी धरून ठेवणारा लॉक नको. क्रिस्टलचा पृष्ठभाग जळणार नाही इतका बीम रुंद ठेवा, तो समांतर ठेवा, बाकी खाली कोन आणि स्वच्छतेबद्दल लिहिलं आहे तेवढं वाचा.

आधी डोळ्यांचं. २६६ नॅनोमीटर दिसत नाही आणि लागताना जाणवतही नाही. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं ते काही तासांनी, तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. या पट्ट्यात त्वचेला आणि डोळ्यांना दिवसभरात मिळून चालणारी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला तीन मिलिज्यूल आहे. म्हणजे कुठल्याशा आरशावरून विखुरलेला एक मिलिवॉट प्रकाश एक चौरस सेंटिमीटर जागेवर पडत असेल तर तीन सेकंदांत दिवसाचा कोटा संपला. गॉगल ५३२ आणि २६६ दोन्हींसाठी असल्याचं त्याच्यावरच छापलेलं असतं, ते वाचून घ्या. हिरवा अडवणारा गॉगल घातला की अलाइनमेंट करताना हिरवा दिसत नाही, मग लोक गॉगल काढतात. त्यापेक्षा लेसर काही मिलिवॉटवर आणून अलाइनमेंट करावी, वॉट सोडताना झाकण लावावं. हातमोजे आणि लांब बाह्या हव्याच. मनगटावर उन्हाने भाजल्यासारखा पट्टा मी एकदा मिरवला आहे.

आता क्रिस्टल. बहुतेक वेळा उत्तर बीबीओ असतं, म्हणजे बीटा-बेरियम बोरेट. तो साधारण १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक आहे, सहज मिळतो, आणि थोडीफार आबाळ सोसतो. एलबीओ (लिथियम ट्रायबोरेट) त्याहून गुणी. १०६४ चं ५३२ करताना तो सुमारे १४९ अंश सेल्सियसला तापवला की बीम तिरका न सरकता काम होतं. पण २६६ साठी त्याचं द्विअपवर्तन (प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांसाठी, म्हणजे कंपनाच्या दोन दिशांसाठी, असलेला अपवर्तनांकातला फरक) पुरत नाही, म्हणून पहिली पायरी एलबीओ आणि दुसरी बीबीओ अशी जोडी बऱ्याच ठिकाणी दिसते. केटीपी (पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट) इथे आणूच नका, तो ३५० च्या खाली अपारदर्शक आहे. सीएलबीओ (सिझियम लिथियम बोरेट) हा तिसरा उमेदवार, १९९० च्या दशकात जपानमध्ये ओसाकाला शोधला गेलेला. २६६ साठी तो बीबीओपेक्षा अनेक बाबतींत सरस आहे, पण पाण्याची त्याला इतकी हाव की तो कायम १५० अंशांच्या आसपास तापवून ठेवावा लागतो. वीज गेली, भट्टी थंड झाली, हवेतली वाफ आत शिरली की तडा. माझा असाच एका रात्रीत गेला. सकाळी भिंगातून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. अखंड वीजपुरवठ्याची सोय नसेल तर बीबीओवर समाधान मानावं.

क्रिस्टल नेमकं काय करतो हे दोन आकड्यांत सांगता येतं. हिरवा प्रकाश क्रिस्टलमधून जाताना प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा अतिनील जन्माला घालतो. पुढच्या ठिकाणी जन्मलेला अतिनील मागून आलेल्याशी पाऊल मिळवून चालला तर दोन्हींची बेरीज होते, नाहीतर वजाबाकी. बीबीओमध्ये हिरव्याचा साधा अपवर्तनांक १.६७५ आहे आणि २६६ चा १.७५७. हे असंच राहिलं तर दीड-दोन मायक्रॉनमध्येच पावलं उलटी पडायला लागतात. पण अतिनीलचं ध्रुवीकरण हिरव्याच्या काटकोनात फिरवून त्याला दुसऱ्या अक्षाकडे झुकवलं तर त्याचा अपवर्तनांक १.६१४ पर्यंत खाली येऊ शकतो. मग १.७५७ आणि १.६१४ च्या मध्ये कुठेतरी नेमका १.६७५ सापडणारच. तो सापडतो प्रकाशीय अक्षापासून (ज्या दिशेने जाताना दोन्ही अपवर्तनांक एकच होतात) ४७.६ अंशांवर. फेज मॅचिंग म्हणजे एवढंच. क्रिस्टल मागवताना हा कोन कापून मागवायचा.

या कोनाला ढिलाई चालत नाही. एक सेंटिमीटर लांब बीबीओमध्ये अर्ध्या मिलिरेडियनहून कमी चूक झाली तरी अतिनील निम्म्यावर येतो. त्यामुळे माउंटचा तो स्क्रू बारीक आट्यांचा हवा. पण हा कडकपणा एकाच प्रतलात आहे, आणि नवीन लोक इथे हमखास चुकीचा स्क्रू फिरवत बसतात. हिरव्याचं ध्रुवीकरण उभं असेल तर संवेदनशील प्रतल आडवं, म्हणजे क्रिस्टल उभ्या अक्षाभोवती फिरवायचा. ध्रुवीकरण आडवं असेल तर उलट, क्रिस्टल वर-खाली झुकवायचा. दुसऱ्या दिशेच्या स्क्रूने जवळपास काहीच बदलत नाही. माउंटवर पेनाने बाण काढून ठेवा. मी काढते.

कॅव्हिटीच्या वाटेला जाण्याआधी एकदा साधी चाचणी करा: एक भिंग, क्रिस्टल, आणि पुढे हिरवा व अतिनील वेगळे करणारा प्रिझम. भिंग आणि प्रिझम यूव्ही दर्जाच्या फ्यूज्ड सिलिकाचे असावेत, साधी काच २६६ गिळून टाकते. दूरवर पांढरा कागद धरा. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र कागदात चकाकी आणणारं रसायन असतं, त्यावर अतिनील पडला की निळसर उजेड दिसतो. (नेमकी ही चाचणी करताना लोक गॉगल कपाळावर सरकवतात. नको.) कोन हळूहळू फिरवा. हिरव्या ठिपक्यापासून थोडं दूर एक निळी रेघ उजळेल. ठिपका नाही, रेघ, हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिचंच रडगाणं आहे.

आता मोजा. एक वॉट हिरवा चांगला फोकस केला तर सेंटिमीटरभर बीबीओमधून अतिनील मिळतो मिलिवॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे रूपांतराचा गुणक दर वॉटला दहा हजारांत एक. हा आकडा पाहून पहिल्यांदा सगळ्यांचाच चेहरा पडतो. पण क्रिस्टलकडून याहून फार जास्त मिळणार नाही. मीटर नक्की अतिनीलच मोजतोय ना, हे पडताळायला हिरवा निम्मा करा. अतिनील पाव झाला पाहिजे, कारण तो हिरव्याच्या वर्गाप्रमाणे चढतो. निम्माच झाला तर तुम्ही झिरपलेला हिरवा मोजताय. एका गटाने मला मोठ्या आनंदाने दाखवलेले वीस मिलिवॉट असेच हिरवे निघाले होते.

याच जागी १९६१ ची गोष्ट आठवते. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून नेला आणि ३४७ चा अतिनील पहिल्यांदा पकडला. फोटोच्या काचेवर तो इतका पुसट उमटला होता, की शोधनिबंध छापताना तो ठिपका धुळीचा समजून काढून टाकला गेला. छापील निबंधात बाण आहे, पण बाणापुढे काहीच नाही. त्यांच्याकडे फेज मॅचिंग नव्हतं. ते पुढच्याच वर्षी आलं.

बीम किती बारीक फोकस करायचा? बॉइड आणि क्लाइनमन यांनी १९६८ मध्ये हे गणित सोडवून ठेवलं आहे. बीम तिरका सरकत नसेल तर क्रिस्टलची लांबी ही फोकसच्या खोलीच्या (बीम जितकं अंतर बारीक राहतो त्याच्या) २.८४ पट असावी. बीबीओमध्ये तो भरपूर सरकतो, म्हणून उत्तर १.४ पटीच्या आसपास येतं. दहा मिलिमीटरच्या क्रिस्टलसाठी गोल बीम धरला तर कंबरेची, म्हणजे बीमच्या सर्वांत बारीक भागाची, त्रिज्या निघते १९ मायक्रॉन.

आणि ते रेघेचं रडगाणं इथे येतं. बीबीओमध्ये २६६ चा अतिनील हिरव्यापासून ८५ मिलिरेडियनने, म्हणजे जवळजवळ पाच अंशांनी, बाजूला चालायला लागतो. दहा मिलिमीटर अंतरात तो ०.८५ मिलिमीटर सरकतो, आणि तुमचा हिरवा बीम आहे १९ मायक्रॉनचा! अर्धा मिलिमीटरही न चालता दोघांची साथ सुटते. म्हणून अतिनील लांबट पट्टीच्या आकारात बाहेर पडतो, आणि म्हणूनच दुप्पट लांबीचा क्रिस्टल घेतला तरी दुप्पट प्रकाश मिळत नाही. वीस मिलिमीटरचा बीबीओ मागवणाऱ्याला मी हात जोडते. सीएलबीओमध्ये हे सरकणं निम्म्याहूनही कमी आहे, त्याच्यासाठी लोक इतका त्रास सोसतात ते यामुळेच.

एक मिलिवॉटच्या दहाव्या हिश्श्यावरून शेकडो मिलिवॉटवर जायचं तर हिरवाच वाढवायला हवा, आणि तो वाढवते कॅव्हिटी. चार आरशांची, फुलपाखरी टायसारखी रचना: दोन सपाट आरसे, दोन अंतर्वक्र, आणि अंतर्वक्र जोडीच्या मध्ये क्रिस्टल. एक सपाट आरसा अर्धवट उघडं दार असतो, त्याला इनपुट कपलर म्हणतात. आतली फेरी तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसली की आत आलेला प्रकाश स्वतःवरच रचला जातो. लेसरमधून एक वॉट, पण आत फिरतात साठ-सत्तर वॉट.

किती फिरतात हे ठरवणारा आकडा म्हणजे तोटा: एका फेरीत आरशांतून झिरपलेला, क्रिस्टलच्या पृष्ठभागांवरून परतलेला, क्रिस्टलने शोषलेला, धुळीने विखुरलेला हिरवा, सगळा मिळून. इनपुट कपलरची पारगम्यता ही हा तोटा अधिक अतिनीलमध्ये गेलेला हिस्सा यांच्या बेरजेइतकी ठेवली की दारावरून काहीच परत फिरत नाही, सगळा प्रकाश आत जातो. हे एक साधं वर्गसमीकरण आहे. ते सोडवून आलेले आकडे मी टेबलावर चिकटवून ठेवले आहेत, एक वॉट हिरवा आणि दहा हजारांत एक हा गुणक धरून.

तोटा २ टक्के असेल तर कपलर २.४ टक्क्यांचा हवा, आत फिरतील ४१ वॉट, आणि अतिनील मिळेल १७० मिलिवॉट.

तोटा १ टक्का: कपलर १.६ टक्के, आत ६२ वॉट, अतिनील ३८० मिलिवॉट.

तोटा अर्धा टक्का: कपलर १.३ टक्के, आत ७८ वॉट, अतिनील ६१० मिलिवॉट.

क्रिस्टल तोच, लेसर तोच. आता क्रिस्टलच एक-तृतीयांशाने वाईट आहे असं धरा, पण तोटा अर्धा टक्काच ठेवा. अतिनील येतो साधारण ५५० मिलिवॉट. म्हणजे क्रिस्टल तिसऱ्या हिश्श्याने बिघडला तर साठ मिलिवॉट गेले, आणि तोटा अर्ध्यावरून एक टक्क्यावर गेला तर दोनशे तीस. नवा क्रिस्टल मागवू का विचारणाऱ्याला मी हा कागद दाखवते.

याचा एक फायदाही करून घेता येतो. क्रिस्टलचा गुणक थोडा घालवणं परवडतं, तेव्हा कंबर १९ मायक्रॉनऐवजी ३०-३५ ठेवा. अतिनीलची तीव्रता उतरते आणि क्रिस्टल जास्त दिवस टिकतो. माझ्या आधीच्या रचनेत गणिताने सांगितलेली कंबर मी भाविकपणे पाळली होती, दर पंधरवड्याला जागा बदलावी लागायची.

तोटा मोजायचा कसा? लेसर खूप मंद करा, म्हणजे अतिनीलमध्ये जाणारा हिस्सा नगण्य होईल. एका आरशामागच्या पीझोला (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या तुकड्याला) त्रिकोणी, म्हणजे एकसारखं चढणारं-उतरणारं, व्होल्टेज द्या, आरसा पुढे-मागे होईल. आरशातून झिरपणारा प्रकाश फोटोडायोडवर घेऊन ऑसिलोस्कोपवर पाहा. शिखरं दिसतील. दोन मोठ्या शिखरांमधलं अंतर भागिले शिखराची रुंदी म्हणजे फिनेस. ६.२८ ला फिनेसने भागा, कपलरची पारगम्यता वजा करा, उरला तो तोटा. कपलर १.६ टक्क्यांचा आणि फिनेस २४० आला तर एकूण २.६, तोटा १ टक्का. क्रिस्टल काढून पुन्हा मोजा. फरक हा क्रिस्टलचा, उरलेला आरशांचा. ही दोन मोजमापं एका दुपारचं काम आहे, आणि पुढचे महिने वाचवतं.

ऑसिलोस्कोपवर आणखी बरंच वाचता येतं. मोठ्या शिखरांच्या मध्ये छोटी शिखरं दिसली तर बीम कॅव्हिटीत नीट बसलेला नाही. आरशामागे कॅमेरा लावून त्यांचा आकार पाहा. दोन ठिपके शेजारी शेजारी दिसले तर बीमची दिशा किंवा जागा चुकली आहे, आरसे हलवा. मध्ये ठिपका आणि भोवती कडं दिसलं तर आकार चुकला आहे, भिंगं हलवा. आता पूर्ण शक्ती सोडून त्रिकोणाच्या चढावरचं आणि उतारावरचं शिखर शेजारी ठेवून बघा. एक पसरट आणि दुसरं टोकदार असेल तर क्रिस्टल तापतो आहे, कुठेतरी प्रकाश शोषला जातो आहे. रोज सकाळी मी पहिल्यांदा हेच बघते, आईने मुलाच्या कपाळाला हात लावावा तसं.

क्रिस्टलच्या पृष्ठभागाचं काय करायचं, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, काटकोनात कापा आणि परावर्तन रोखणारा लेप द्या. दुसरा म्हणतो, ब्रूस्टर कोनात (ज्या कोनात एका ध्रुवीकरणाचा प्रकाश परतत नाही) कापा, लेपच नको. लेपाने हिरव्याचा आणि अतिनीलचा दोन्हींचा तोटा कमी राहतो, पण जोरदार अतिनील तोच लेप हळूहळू खातो. ब्रूस्टर कापात हिरवा जवळजवळ बिनतोट्याचा जातो, पण अतिनीलचं ध्रुवीकरण हिरव्याला आडवं असल्यामुळे बाहेर पडताना त्यातला सुमारे २२ टक्के आत परत फिरतो. २२ टक्के सोडून देणं सुरुवातीला जिवावर येतं. मी दोन लेपवाले क्रिस्टल जाळल्यावर ब्रूस्टरवाली झाले. शंभर मिलिवॉटच्या आत, तेही दिवसाकाठी थोडा वेळ हवे असतील तर लेप बरा. तासन्‌तास आणि जास्त हवे असतील तर २२ टक्के देऊन टाका. बीमची कंबर ब्रूस्टरमध्ये आतून लंबगोल होते, आणि अंतर्वक्र आरशांवर तिरकं पडल्यामुळे होणारा दोष त्याने काही अंशी भरून निघतो, हा वरचा बोनस.

लॉकबद्दल थोडक्यात. कॅव्हिटीची लांबी नॅनोमीटरच्याही अंशात धरून ठेवायची आहे, ते पीझोवरचा आरसा करतो. चूक किती झाली ते सांगायला दोन प्रचलित पद्धती आहेत. हेन्श-कुइयो (१९८०) ध्रुवीकरणावर चालते, तिला मॉड्युलेटर (प्रकाशाची फेज झपाट्याने हलवणारं उपकरण) लागत नाही. पाउंड-ड्रेव्हर-हॉल (१९८३) ला लागतो, पण ती जास्त ठाम राहते. पहिल्यांदा बांधत असाल तर पहिली. आरसा लहान आणि हलका घ्या, पीझो जड पितळी ठोकळ्यावर बसवा. लॉक सुटत राहिला तर इलेक्ट्रॉनिक्सला दोष देण्याआधी टेबलावर टिचकी मारा आणि कुठलं माउंट घुमतंय ते ऐका. लॉक लागल्यावर कपलरवरून परतणारा प्रकाश किती उरतो ते पाहा. छोटी शिखरं नसूनही बराच उरत असेल तर कपलरची निवड चुकली, तोटा पुन्हा मोजा.

कॅव्हिटीतून अतिनील बाहेर काढताना पुन्हा गळती. क्रिस्टलनंतरचा अंतर्वक्र आरसा हिरवा परतवणारा आणि २६६ जाऊ देणारा हवा, त्याचा पायाही फ्यूज्ड सिलिकाचाच. हा आरसा निवडताना मी हिरव्याच्या परावर्तनाला झुकतं माप देते. इथे हिरव्याचा ०.३ टक्के वाचला तर तो दर फेरीला वाचतो. अतिनीलचे पाच टक्के मात्र एकदाच जातात.

आणि आता सगळ्यात कंटाळवाणी, सगळ्यात महाग गोष्ट: घाण. २६६ च्या एका फोटॉनमध्ये ४.६६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. हवेतले तेलकट, सेंद्रिय रेणू पृष्ठभागावर बसले की अतिनील ते तोडतो आणि तिथेच भाजून चिकटवतो. एका रचनेत माझा अतिनील रोज सकाळी ३०० मिलिवॉटवर सुरू व्हायचा आणि संध्याकाळी १८० वर असायचा. तीन आठवडे मी लॉक, तापमान, लेसरची दिशा, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी क्रिस्टल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाहेर पडणाऱ्या पृष्ठभागावर तपकिरी पट्टी, बरोबर अतिनीलच्या रेघेच्या आकाराची. गुन्हेगार होता शेजारच्या माउंटच्या स्क्रूला लावलेला, आटे घट्ट धरणारा डिंक. स्क्रू मीच बसवला होता.

तेव्हापासूनचे नियम असे. क्रिस्टलच्या पेटीत डिंक, ग्रीस, रबर, प्लॅस्टिकची वायर, काहीही नाही, फक्त धातू, काच आणि टेफ्लॉन. धातूचे भाग आधी अॅसिटोनमध्ये, मग शुद्ध अल्कोहोलमध्ये धुऊन तापवून घ्यायचे. पीझोवरचा आरसा चिकटवावा लागतोच, म्हणून तो क्रिस्टलपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात. पेटीत कोरडा ऑक्सिजन किंवा गाळलेली कोरडी हवा अगदी संथ सोडायची. नुसत्या नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन बरा, कारण त्याच्या सान्निध्यात भाजलेला कार्बन जळून निघायला मदत होते. बीबीओही थोडं पाणी पितो, म्हणून तो ५० अंशांच्या आसपास कायम कोमट ठेवायचा, लेसर बंद असला तरी. पुसायची वेळ आलीच तर कोरडं सॉल्व्हंट, नवा भिंगाचा कागद, एकाच दिशेने एकदाच. बीबीओ मऊ असतो, दुसऱ्यांदा त्याच कागदाने पुसलंत तर पहिल्यांदा उचललेली धूळच त्याच्यावर ओढाल. फुंकर मारणाऱ्याला मी खोलीबाहेर पाठवते.

एवढं करूनही क्रिस्टल आतून थकतोच. दोन फोटॉन एकदम शोषले जातात, आत रंगीत डाग तयार होतात, मग शोषण वाढतं, क्रिस्टल तापतो, आणि चढावरचं शिखर पसरट व्हायला लागतं. तापमान वाढवून काही डाग पुसट होतात. नाही झाले तर क्रिस्टल फेकायचा नाही, जागा बदलायची. ती बदलण्याची दिशा मात्र चुकवू नका. अतिनीलची रेघ ज्या दिशेला पसरते त्या दिशेने क्रिस्टल सरकवला तर नवी रेघ जुन्या डागावरच पडते. तिला काटकोनात, आणि पृष्ठभागाला समांतर सरकवा, म्हणजे आतली वाटही तेवढीच राहते. ०.३ मिलिमीटर पुरतं. चार मिलिमीटर रुंद क्रिस्टलच्या कडा सोडल्या तर अशा दहा जागा आरामात मिळतात.

प्रत्येक जागेवर मी वहीत चार आकडे लिहिते: मायक्रोमीटरचं वाचन, मंद प्रकाशातला तोटा, सुरुवातीचा अतिनील, आणि किती तासांनी तो दहा टक्क्यांनी उतरला. सध्याचा क्रिस्टल सातव्या जागेवर आहे, तोटा ०.६ टक्के. पाचव्या जागेवर तो अचानक ०.९ झाला होता. आरसे पुसले, काही नाही. क्रिस्टल तपासला, काही नाही. शेवटी कपलरच्या कडेला दिव्याच्या उजेडात एक केस सापडला, माझाच.